यूटाच्या घळयांतील गाडीवाटा

अमेरिकेच्या यूटा राज्याचा आग्नेय कोपरा म्हणजे कोलोरॅडो पठाराचा सर्वांत चिरफाळलेला भाग. कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्यांनी तांबड्या वालुकाश्माचे थर कापत नेले आणि त्यांच्या असंख्य कोरड्या उपनद्यांनी बाकीचा मुलूख घळयांनी भरून टाकला. पाऊस वर्षाला जेमतेम 23 सेंटीमीटर. इथे समोर दिसणाऱ्या ठिकाणी पोहोचायला दिवस दिवस लागतात, कारण मधल्या कड्याला उतार सापडेपर्यंत वळसा घालावा लागतो. म्हणून या मुलखात प्रवास ठरवताना दोन प्रश्न कायम पहिले आले आहेत: पाणी कुठे आहे आणि कडा कुठे उतरता येतो?

यांची उत्तरे सर्वांत आधी इथल्या मूळ रहिवाशांनी शोधली. पूर्वज प्वेब्लो लोकांनी मका पिकवला आणि कड्यांच्या कपारीत दगडमातीची कणगीवजा कोठारे बांधली. त्यांतली कित्येक आजही जागेवर आहेत. पावसाचे पाणी साचणारे खडकातले खळगे त्यांना पाठ होते. अशा खळग्याला नैर्ऋत्य अमेरिकेत ‘तिनाहा’ म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ रांजण. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्या मराठी माणसाला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळ आणि इतर कारणांनी हे लोक दक्षिणेकडे सरकले. त्यांच्या पायवाटा मात्र राहिल्या आणि पुढच्या अनेक रस्त्यांचा पाया त्याच ठरल्या.

1869 मध्ये जॉन वेस्ली पॉवेल हा एक हात गमावलेला माजी सैनिक नऊ साथीदार आणि चार होड्या घेऊन ग्रीन नदीतून निघाला. बरोबर दहा महिन्यांचा शिधा होता. जुलैच्या मध्यात तुकडी ग्रीन आणि कोलोरॅडो यांच्या संगमावर पोहोचली, तोवर एक होडी फुटली होती आणि पीठ भिजून त्याला बुरशी आली होती. त्यांनी मच्छरदाणीची चाळणी करून पीठ चाळले आणि सुमारे 90 किलो फेकून दिले. कागदावर पुरेसा असलेला शिधा या मुलखात कसा संपतो, याचे हे एक नोंदलेले उदाहरण.

त्याहून मोठा धडा दहा वर्षांनी मिळाला. सान हुआन नदीकाठी वसाहत करण्यासाठी मॉर्मन पंथाची सुमारे 250 माणसे 83 घोडागाड्या आणि हजाराहून अधिक गुरे घेऊन 1879 च्या हिवाळ्याच्या तोंडावर निघाली. सहा आठवड्यांचा प्रवास धरला होता, लागले सहा महिने. जवळची म्हणून जी वाट निवडली ती कोलोरॅडोच्या कड्यावर येऊन थांबली. खाली सुमारे 300 मीटरवर नदी, आणि उतरायला कड्यातली एक अरुंद चीर. बर्फामुळे मागचा रस्ताही बंद झाला होता. माणसांनी ती चीर सुरुंगाने आणि छिन्नीने रुंदावली. एका ठिकाणी खाली टेकायला जागाच नव्हती, तिथे वेल्सहून आलेल्या एका खाणकामगाराच्या देखरेखीखाली कड्याच्या भिंतीत ओळीने भोके पाडली, त्यांत ओकचे खुंट ठोकले आणि खुंटांवर ओंडके, झुडपे व दगड रचून अधांतरी रस्ता केला. आतले चाक खडकात कोरलेल्या खाचेत, बाहेरचे चाक या ओंडक्यांवर. 26 जानेवारी 1880 रोजी गाड्या उतरू लागल्या. मागची चाके साखळीने जखडलेली, गाडीला मागून दोर, आणि दोराला टाचा रोवून मागे रेललेली माणसे व जनावरे. एकही माणूस दगावला नाही. एप्रिलमध्ये ही माणसे ब्लफ या जागी पोहोचली आणि थकून तिथेच वसली. ‘होल इन द रॉक’ नावाच्या त्या उताराचा खालचा भाग ग्लेन कॅन्यन धरणाच्या जलाशयात गेला. वरची चीर आणि खुंटांची भोके अजून दिसतात.

यानंतरची पन्नास-साठ वर्षे गुराख्यांची. मूळ रहिवाशांच्या वाटा त्यांनी जनावरांपुरत्या रुंद केल्या. शेफर कुटुंबाने पठारावरून खाली उतरवलेली वाट आणि अल स्कोरप या पशुपालकाने 1940 च्या दशकात एलिफंट हिलवर बुलडोझरने काढलेली वाट या दोन्ही आज जीप चालवणाऱ्यांच्या तोंडी असलेल्या वाटा आहेत.

खरा बदल युरेनियमने घडवला. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुऊर्जा आयोग हा देशातला युरेनियमचा एकमेव खरेदीदार होता. खनिज शोधणाऱ्याला हमीभाव आणि बक्षीस मिळे. 1952 मध्ये चार्ली स्टीन या कफल्लक भूशास्त्रज्ञाने मोॲबच्या दक्षिणेला लिस्बन खोऱ्यात छिद्र घेतले. त्याच्याकडे गायगर काउंटरसुद्धा नव्हता. वर आलेल्या काळ्या दगडाचा तुकडा त्याने वाटेतल्या पेट्रोल पंपावर दुसऱ्याच्या यंत्राजवळ धरला, तेव्हा काटा टोकाला गेला. त्याची ‘मी विदा’ खाण गाजली आणि मोॲब या फळबागांच्या खेड्यात माणसांचा लोंढा आला. युद्धातून सुटलेल्या जीप आणि बुलडोझर यांच्या जोरावर शेकडो मैलांचे कच्चे रस्ते कड्याकपारीत घुसले. शेफरची वाट ट्रक जाईल अशी रुंद झाली. ही वाट जिथून उतरते त्या माथ्याच्या 365 मीटर खाली पांढऱ्या वालुकाश्माची एक सलग पायरी आहे. तिच्यावरून 160 किलोमीटरची ‘व्हाइट रिम’ ही गाडीवाट निघाली, तीही याच काळात. तिथे युरेनियम फारसे मिळालेच नाही.

या धावपळीची किंमत मात्र मोजावी लागली. कोलोरॅडो पठारावरच्या खाणींत हवा खेळती ठेवण्याची सोय बहुधा नसे. नवाहो आणि इतर कामगार किरणोत्सारी धूळ श्वासातून घेत राहिले आणि अनेकांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. भरपाईचा कायदा यायला 1990 उजाडले. या रस्त्यांच्या सौंदर्याबद्दल लिहिताना हे वगळणे अन्यायाचे आहे.

खाणवाले पांगले आणि रस्ते रिकामे राहिले. आर्चेस राष्ट्रीय स्मारकाचे अधीक्षक बेट्स विल्सन यांनी त्यांचा वेगळा उपयोग केला. ते अधिकाऱ्यांना आणि राजकारण्यांना जीपमधून या घळयांत मुक्कामी नेत आणि रात्री निखाऱ्यांवरच्या बिडाच्या भांड्यात जेवण रांधून वाढत. 1961 मध्ये अंतर्गत खात्याचे मंत्री स्टुअर्ट उडॉल त्यांच्याबरोबर हिंडले. संगमाजवळ धरणाचा विचार चालू असताना उडॉल यांना तिथे उद्यान दिसले. 12 सप्टेंबर 1964 रोजी कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. हौशी जीपवाल्यांचा काळही हाच. 1967 मध्ये मोॲबच्या व्यापारी मंडळाने ईस्टरची जीप सफारी सुरू केली आणि ती वाढतच गेली.

गाड्या वाढल्या तशी जमीन उघडी पडली. इथल्या वाळूवर सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांची काळपट, खडबडीत साय धरते. सूक्ष्म तंतूंनी वाळूचे कण बांधून ठेवणारी ही साय पाणी मुरवते आणि नत्र पुरवते. एका चाकाखाली ती चुरडते, भरून यायला दशके लागतात. 1972 च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने सार्वजनिक जमिनीवर रस्ता सोडून धावणारी वाहने कुठे चालतील आणि कुठे नाही, हे ठरवणे सरकारी खात्यांना बंधनकारक झाले. उद्यानात आखलेली वाट सोडण्याला पूर्ण मनाई आहे. ही बंदी योग्यच आहे: या मुलखात जुने रस्तेच गरजेपेक्षा जास्त आहेत.

आज व्हाइट रिमवर जाणाऱ्याला आधी परवाना काढावा लागतो, मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असतात, आणि एका जागी पंधरा माणसे व तीन गाड्या यांहून अधिक चालत नाहीत. लाकूड पेटवता येत नाही. गाडी चारही चाकांना जोर देणारी आणि तळ उंच असलेली लागते. स्टेपनी आणि जादा इंधन बरोबर हवेच, कारण बंद पडलेली गाडी ओढून आणण्याचा खर्च फार मोठा येतो. बहुतेक जण या वाटेला दोन-तीन दिवस देतात. पिण्याचे पाणी 160 किलोमीटरच्या वाटेवर कुठेच मिळत नाही. माणशी दिवसाला किमान चार लिटर या हिशेबाने ते गाडीतूनच न्यावे लागते.