न गंजणाऱ्या सुरीचं गाव

लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं काळं पडतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या जेवणाच्या टेबलावरच्या सुरीचीही हीच तऱ्हा होती. व्हिनेगर लागलं, फळ कापलं की डाग पडलाच. जेवणं आटोपली की सुऱ्या पूड लावून घासायच्या आणि कोरड्या करून ठेवायच्या, हे रोजचं काम होतं. ज्यांना परवडे ते मासे आणि फळं यांच्यासाठी चांदीची सुरी वापरत. या कटकटीतून स्वयंपाकघराला सोडवणारी स्टेनलेस स्टीलची सुरी जन्मली ती उत्तर इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात.

सुरीचा जन्म विसाव्या शतकातला असला, तरी तिचं कूळ जुनं आहे. चौदाव्या शतकात चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफिल्डची सुरी खोचून दिली, इतकं या गावाचं नाव तेव्हाच झालं होतं. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हेलिन या पाच नद्या डोंगरांतून वेगानं उतरतात. त्यांच्या पाण्यावर चाकं फिरत, आणि धार लावायचे मोठे दगड जवळच्याच डोंगरांत मिळत. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्यानं इथल्या सुरीकारांची ‘कंपनी ऑफ कटलर्स’ स्थापन झाली. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगांसाठी एकसारखं पोलाद हवं होतं. मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची रीत त्यानं शेफिल्डजवळ बसवली, आणि पुढं शहर पोलादाची पेठ झालं.

या कुळाला भारताचाही एक धागा आहे. दक्षिण भारतातल्या वुट्झ पोलादाचं गुपित उकलण्यासाठी मायकेल फॅरेडे आणि लंडनचे सुरीकार जेम्स स्टोडार्ट यांनी १८२०च्या सुमारास पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. त्यांत क्रोमियमही होतं. प्रयोगशाळेबाहेरचे मोठे घाण शेफिल्डच्या भट्ट्यांत काढले गेले.

हॅरी ब्रेअर्ली याच शहरातला. जन्म १८७१चा, वडील पोलाद वितळवणारे कामगार. बाराव्या वर्षी शाळा सुटली. पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता तो रसायनशास्त्र शिकला आणि १९०८ साली ब्राऊन-फर्थ प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. १९१२मध्ये त्याच्यापुढं काम आलं ते बंदुकीच्या नळ्यांचं. उष्णतेनं त्या आतून झिजत होत्या. क्रोमियम वाढवून पाहावं, म्हणून त्यानं वेगवेगळे घाण काढले. ऑगस्ट १९१३मधल्या घाणात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता.

सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाची घडण दिसावी म्हणून त्याचा पृष्ठभाग आम्लानं कोरून घेतात. हा तुकडा काही कोरला जाईना. व्हिनेगर आणि लिंबाचा रसही त्याला बाधेना. पुरेसं क्रोमियम असलं की ते हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पोलादावर एक अतिशय पातळ, अदृश्य थर धरतं. ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा धरतो.

असं पोलाद एकट्या ब्रेअर्लीनं केलं नव्हतं. जर्मनीत क्रुपच्या संशोधकांनी १९१२मध्येच न गंजणाऱ्या पोलादाची पेटंटं मागितली होती, अमेरिकेत एलवूड हेन्झही त्याच वाटेवर होता. पण बंदुकीसाठी केलेल्या पोलादाकडे पाहून ब्रेअर्लीला जेवणाची सुरी आठवली. सुऱ्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला ते सुचणं स्वाभाविक होतं.

ज्या सुरीकारांना त्यानं नमुने दिले, त्यांनी मात्र हे पोलाद सुरीच्या कामाचं नाही असा निर्वाळा दिला. त्याला घडवायला आणि पाणी द्यायला नेहमीच्या पोलादापेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, आणि जुन्या अंदाजानं पाणी दिलं की धार टिकत नाही. कोंडी फुटली ती पोर्टलंड वर्क्समध्ये, आर. एफ. मोझ्लीच्या सुरी कारखान्यात. तिथले व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी १९१४मध्ये सुऱ्या करून पाहिल्या. पहिल्या खेपेला त्यांची हत्यारंच खराब झाली. पण त्यांनी नाद सोडला नाही, आणि थोड्याच प्रयत्नांत चांगली पाती उतरली. व्हिनेगरचा डाग पडत नाही हे पाहून ‘स्टेनलेस’ हे नावही त्यांनीच दिलं. हक्कांवरून कंपनीशी मतभेद झाल्यावर ब्रेअर्ली नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या विल्यम हॅटफिल्डनं १९२४मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रमाण पुढं आणलं. आपल्या डब्यांवर आणि पातेल्यांवर दिसणारा ‘१८/८’ हा आकडा त्याच प्रमाणाचा. आंबट आमटी-ताकासाठी पितळी भांड्यांना कल्हई करून घेण्याची गरज या पोलादानं संपवली.

एवढी हकिकत सांगून थांबलं, तर मात्र अन्याय होईल. शेफिल्डची सुरी अनेकांच्या हातून जाई. एकेका खोलीत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिरांना तिथं ‘लिटल मेस्टर’ म्हणतात. कोणी घडाई करी, कोणी धार लावी, कोणी मूठ बसवी. दगडाची धूळ छातीत जाऊन कित्येक धारवाले ऐन उमेदीत मेले. पात्यांना चकाकी आणणाऱ्या बायका, म्हणजे ‘बफर गर्ल्स’, डोक्याला फडकं बांधून आणि अंगावर तपकिरी कागद गुंडाळून दिवसभर फिरत्या चाकांपुढं राबत. पाण्याची आणि आचेची पारख या हातांत पिढ्यान्‌पिढ्या मुरली होती. ती नसती, तर ब्रेअर्लीचा तुकडा कपाटातच पडून राहिला असता. स्टेनलेस सुरीचं श्रेय एका नावापाशी थांबवणं मला म्हणूनच मान्य नाही. ते शहराचं आहे.

शहरानंही हे ओळखलं. पोर्टलंड वर्क्सचं निवासी सदनिकांत रूपांतर करण्याचा बेत आला, तेव्हा तिथले कारागीर आणि नागरिक एकत्र आले. पाचशेच्या आसपास लोकांनी भाग विकत घेतले आणि २०१३ साली, शोधाच्या शंभराव्या वर्षी, ती वास्तू लोकांच्या मालकीची झाली. तिथं आजही सुऱ्या आणि हत्यारं घडतात. आपल्याकडच्या तांबट आळ्या आणि लोहारवाडे ओस पडत असताना शेफिल्डचा हा धडा आपण गिरवायला हवा. वस्तू संग्रहालयात ठेवता येते, पण कौशल्य टिकवायचं तर कारागिराची जागा आणि त्याचा धंदा दोन्ही वाचवावे लागतात.