शेजाऱ्याने वाचायची यादी

1947च्या जुलैपर्यंत बेंगळुरूत दोन कारभार नांदत होते. पेठांचे जुने शहर म्हैसूर संस्थानाचे आणि शेजारचे कँटोन्मेंट इंग्रज रेसिडेंटच्या हाताखाली. दिवाण रंगाचार्लूंनी 1881मध्ये म्हैसूरची प्रजाप्रतिनिधी सभा भरवली तेव्हा सभासद नेमलेलेच होते. पुढे निवडणूक आली, 1923च्या कायद्याने बायकांनाही मताची वाट मोकळी झाली. पण मतदार व्हायचे तर सारा, मालमत्ता किंवा शिक्षण दाखवावे लागे. चिकपेटेत मशीन चालवणारा शिंपी, बाजारातला हमाल, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांना त्या यादीत जागा नव्हती.

ती जागा होऊ लागली 1948 साली. राज्यघटना अजून लिहून व्हायची होती, तरी घटना परिषदेच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना मतदार याद्यांच्या कामाला लावले. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांची त्यावर देखरेख होती. 1 जानेवारी 1949 रोजी वयाची एकवीस वर्षे पुरी असावीत आणि 31 मार्च 1948ला संपणाऱ्या वर्षात किमान 180 दिवस त्या ठिकाणी मुक्काम असावा, या मुख्य अटी. फाळणीत घरदार गमावून आलेल्यांना मुक्कामाची अटही नव्हती. इथेच कायम राहणार, एवढे लिहून दिले की पुरे. यादीसाठी सरकारी माणूस गरिबाच्या दारी आला, हा बदल मला स्वातंत्र्याइतकाच मोठा वाटतो.

त्या दारातच एक अडचण उभी राहिली. मुख्यतः उत्तर भारतात, अनेक बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, इतकेच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असे ठरवले आणि सुमारे 28 लाख बायका पहिल्या निवडणुकीला यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता, तरी मला तो पटतो. नावच नसेल तर नोंद खरी की खोटी, हे शेजाऱ्यालाही पडताळता येत नाही.

आणि यादीचा भरवसा शेजाऱ्यावरच आहे. 1960च्या मतदार नोंदणी नियमांनुसार प्रारूप यादी आधी लोकांपुढे ठेवायची, दावे-हरकती घ्यायच्या आणि मगच ती अंतिम करायची. नवे नाव घालायला फॉर्म 6, दुसऱ्याच्या नावावर हरकत घ्यायला फॉर्म 7. मी बेंगळुरूत मल्लेश्वरमला राहतो आणि प्रारूप यादी लागली की आमच्या रस्त्याची पाने वाचून काढतो. अनुक्रमांक, नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, घर क्रमांक, वय. इथे घराला जुना नंबर वेगळा, नवा वेगळा. रस्त्यांच्या नावांतल्या ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ची गल्लत झाली की अख्खे कुटुंब भलत्याच भागात जाऊन पडते. वगळलेल्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर असते. ‘ई’ म्हणजे मयत, ‘एस’ म्हणजे स्थलांतरित, ‘आर’ म्हणजे दुबार, ‘एम’ म्हणजे सापडत नाही. रोज सकाळी नंदिनीच्या दूधकेंद्रावर भेटणाऱ्या गृहस्थांपुढे ‘एस’ दिसला, तर ती चूक कचेरीतल्या संगणकाला कळणार नाही. मला कळेल.

नोव्हेंबर 2022मध्ये या शहराला यादीची दुसरी बाजू दिसली. चिलुमे नावाच्या खासगी ट्रस्टला महापालिकेने मतदार जागृतीची परवानगी दिली होती. तिची माणसे बीएलओची, म्हणजे यादीचे काम करणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांची, ओळखपत्रे लावून घरोघर माहिती गोळा करत होती, असा आरोप पुढे आला. निवडणूक आयोगाच्या आदेशावरून दोन आयएएस अधिकारी निलंबित झाले. शिवाजीनगर, चिकपेट आणि महादेवपुरा या मतदारसंघांत 1 जानेवारी 2022नंतर घातलेली आणि वगळलेली सगळी नावे पुन्हा तपासण्याचा हुकूम निघाला, हरकतींची मुदत 24 डिसेंबरपर्यंत वाढली. यादी उघडी होती, म्हणूनच ही फेरतपासणी लोकांना आपल्या डोळ्यांनी पाहता आली.

आज यादी संकेतस्थळावर मिळते, पण पानांच्या चित्रांच्या रूपात. तिच्यात शब्द टाकून शोधता येत नाही. शोधता येईल अशी यादी द्यावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018मध्ये मान्य केली नाही. माहितीच्या गैरवापराची आयोगाची भीती मी हलकी मानत नाही. पण जात आणि फोन नंबर छापील यादीत नसतातच; असली माहिती काढून घ्यायची तर ती घरोघर फिरून, उंबरठ्यावरच काढून घेतली जाते. तिथे बंदोबस्त करावा आणि यादी मोकळी ठेवावी. बिहारमध्ये मतदार यादीच्या फेरतपासणीत वगळलेली सुमारे 65 लाख नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असे त्याच न्यायालयाने 14 ऑगस्ट 2025 रोजी सांगितले. ही रीत सगळ्या देशाला लागू व्हायला हवी.

तोवर आपले काम आपण करू. पुढची प्रारूप यादी लागली की स्वतःचे नाव पाहून थांबू नका. आपल्या रस्त्याचे पान वरपासून खालपर्यंत वाचा, आणि शेजाऱ्याचे नाव गळले असेल तर त्याला त्याच दिवशी सांगा.