बापाची मशीनगन, मुलाचा सायलेन्सर

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले आणि आडवा झालो. जुना सायलेन्सर गंजून फुटलेला, पण नट काही हलेनात. तेल मारून ते मुरायची वाट बघत बसलो, तेव्हा हायरम पर्सी मॅक्सिम आठवला.

मॅक्सिम गनवाला मॅक्सिम? तो याचा बाप, हायरम स्टीव्हन्स. त्याने १८८४ च्या सुमारास आपोआप गोळ्या झाडणारी मशीनगन बनवली. १८९८ मध्ये सुदानात ओमदुरमानला ब्रिटिशांनी ती चालवली आणि एका सकाळीत हजारो माणसं मेली. तोफा-बंदुकांच्या आवाजात आयुष्य काढून बाप स्वतः म्हातारपणी ठार बहिरा झाला.

मुलगा अमेरिकेत वाढला. १८९५ पासून हार्टफर्डला पोप कंपनीत मोटारी बनवायचा. १९०९ मध्ये त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. तत्त्व साधं आहे. गोळीमागचा दाबलेला वायू एकदम बाहेर पडला की धडाका होतो. तोच आतल्या आत फिरवून दमवला, की मुकाट बाहेर येतो.

गाडीतही हेच चालतं. सिलिंडरमधून वायूचा एकेक गोळाच सुटतो. सायलेन्सरमधल्या पडद्यांवर, भोकांच्या नळ्यांवर आपटून त्याचा जोर जातो. पण मोटारीचा सायलेन्सर पर्सीच्याही आधीचा बरं का! अमेरिकेतल्याच रीव्हज् बंधूंचं पेटंट १८९७ चं. पुढे पर्सीच्या कंपनीनेही बंदुकांचं सोडून इंजिनांचे सायलेन्सर करायला घेतले.

एवढ्यात नट सुटला. नवीन गॅस्केट, नवे रबर हँगर, क्लॅम्प. मग गाडी भिंतीपासून लांब, मोकळ्यावर नेऊन चालू केली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एका जोडावर बुडबुडे आले! क्लॅम्प पुन्हा आवळला. हे आळसाने सोडू नका. इथून गळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. गाडीत शिरला तर आधी झोप आल्यासारखं वाटतं, आणि मग उठायची वेळच येत नाही.

हात धूत होतो, तर गेटवरून एक बुलेट फटफटत गेली. सायलेन्सर मुद्दाम पोकळ केलेला. तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं.

त्या पोराला थांबवून बहिऱ्या म्हाताऱ्या मॅक्सिमची गोष्ट सांगावीशी वाटली. पण त्याला ऐकू कुठे येणार होतं?