‘मोकळी जमीन’ : एका शब्दाचा गिरणगावातील इतिहास

एम.ए.च्या वर्गात जयंत पवारांचे ‘अधांतर’ शिकवताना गेली काही वर्षे आम्हांला एक अनुभव हमखास येतो. ‘गिरणी’ हा शब्द उच्चारला की चार-दोन विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर पिठाची चक्की उभी राहते. त्यात त्यांचा दोष नाही. करी रोड स्थानकात उतरून पुलावर उभे राहिले तर आज दिसतात ते काचेचे मनोरे आणि त्यांच्या मधे कुठेतरी उरलेली एखादी चिमणी. गिरणी दिसतच नाही. म्हणून एका वर्षी आम्ही ठरवले, की नाटकाआधी एक सरकारी नियम वाचायचा. साहित्याच्या वर्गात नियमावली कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, करी रोड, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी हा सारा भाग गिरण्यांनी आणि त्यांच्या भोवतीच्या चाळींनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस इथल्या खोलीत दाटीवाटीने राहिला, खानावळीत जेवला, भोंग्याबरोबर उठला. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. या संपाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. आम्हांला येथे त्यानंतरच्या, कमी वाचल्या गेलेल्या प्रकरणाकडे वळायचे आहे. ते प्रकरण जमिनीचे आहे.

मुंबईतील पन्नासहून अधिक गिरण्यांखाली मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती. ती कापड विणण्यासाठी राखलेली, म्हणजे औद्योगिक वापराची. तिच्यावर घरे वा दुकाने उभारायची तर आधी तिचा वापर बदलायला हवा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने हे दार उघडले, पण एका अटीवर. जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे करायचे : एक महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, दुसरा म्हाडाला घरांसाठी आणि तिसरा मालकाला. आवाराच्या आकारानुसार हे प्रमाण थोडेफार बदलत असे. पाच हेक्टरांपर्यंतच्या आवारात पालिकेला 33, म्हाडाला 27 आणि मालकाला 40 टक्के मिळत. पण तत्त्व साधे होते. ज्या शहराने गिरणी वाढवली, त्याला जमिनीचा हिस्सा परत मिळावा.

याच नियमात एक पळवाटही होती. जुने बांधकाम न पाडता आतल्या आत त्याचा व्यापारी वापर केला तर वाटणीचा प्रश्न येत नव्हता. मग साचेखात्याच्या जागी कचेऱ्या, उपाहारगृहे, दुकाने आली. बाहेरची भिंत तशीच राहिली, आत वस्ती बदलली. चाळीतल्या माणसाला हे कळायलाही वेळ लागला, कारण रस्त्यावरून पाहता काही पाडले गेलेलेच नव्हते.

खरी उलथापालथ झाली ती 2001 मध्ये. त्या वर्षीच्या दुरुस्तीने वाटणी केवळ ‘मोकळ्या जमिनीला’ लागू केली. आता वाचकाने क्षणभर थांबून विचार करावा. मोकळी जमीन म्हणजे कोणती? गिरणीच्या आवारात आज ज्या जागेवर काहीच उभे नाही ती, की शेड पाडल्यावर जी मोकळी होईल तीसुद्धा? गिरणीचे आवार म्हणजे बहुतांशी शेडच. पहिला अर्थ घेतला तर शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला आवारातले कोपरे तेवढे उरतात. दुसरा घेतला तर साध्या हिशेबाने सहाशेपैकी सुमारे चारशे एकर सार्वजनिक होतात. एका विशेषणाच्या अर्थावर एवढे अवलंबून असल्याचे दुसरे उदाहरण मराठी मुलखाच्या इतिहासात आम्हांला चटकन आठवत नाही.

हा वाद ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ने 2005 मध्ये जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात नेला. त्याच वर्षी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या; त्यांतील एकट्या मुंबई टेक्स्टाईल मिलला 702 कोटी रुपये आले. 17 ऑक्टोबर 2005 रोजी उच्च न्यायालयाने दुसरा, म्हणजे व्यापक अर्थ स्वीकारला. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि पाडकामानंतर मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली. वाद कायद्याने संपला.

परंतु या कथेत एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला मालक अशी सरळ मांडणी करून भागणार नाही. गिरणगावातच मते दुभंगलेली होती. वर्षानुवर्षे थकलेली देणी जमीन विकल्याशिवाय मिळणार नाहीत, हे कामगाराला दिसत होते. वाटणी फार जड असल्याने मालक पुढे येत नाहीत, दुरुस्तीने पैसा सुटेल, असा युक्तिवादही होता आणि तो निव्वळ खोटा म्हणता येत नाही. पर्यावरणवाद्यांना मैदाने हवी होती, कामगारांना घरे आणि थकबाकी, त्यांच्या मुलांना नोकऱ्या. दत्ता इस्वलकरांच्या पुढाकाराने 1989 मध्ये उभ्या राहिलेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने आधी गिरण्या चालू ठेवा म्हटले आणि नंतर जमिनीवर घरे द्या म्हटले. यात कुणी भूमिका बदलल्याचा ठपका ठेवील. आम्ही त्याला माघार घेत लढणे म्हणू.

त्या लढ्याचे फळ अगदीच शून्य नाही. 28 जून 2012 रोजी गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची पहिली सोडत निघाली. 1 मार्च 2020 रोजी आणखी 3,894 घरांची. पण दीड लाखाच्या आसपास अर्जदारांपुढे हे आकडे ठेवले, की ‘मोकळी’ या शब्दाची किंमत कळते. मैदानांचा हिशेबही वेगळा नाही. जिथे पाळीच्या वेळी कामगार पायी गिरणीत जात, तिथे आता रोज हजारो नोकरदार त्याच जुन्या, अरुंद स्थानकांतून बाहेर पडू लागले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून तिथे, आंबिवलीला आणि आमच्या करी रोडलाही पूल बांधून घ्यावे लागले. जमिनीचा वापर कागदावर बदलला होता. रस्ते, पूल, जिने मात्र गिरणीच्याच काळातले राहिले होते.

आता साहित्याकडे येऊ. गिरणगावाने मराठीला अण्णा भाऊ साठे दिले, नारायण सुर्वे दिले, जयंत पवार दिले. त्यांच्या लेखनात घाम, भूक, संप, संपानंतरची घुसमट हे सारे आहे. पण वापर बदलाची अधिसूचना, चटईक्षेत्राचे कोष्टक यांना आपल्या समीक्षेने कधी हात लावला नाही, कारण ती भाषा आपली नव्हे असे आपण मानले. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हे शीर्षक आपण पुराणकथेच्या अंगाने समजावून सांगतो. त्यात लोअर परळच्या एका गिरणीचेही नाव ऐकू येते, हे सांगायला विसरतो. शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न आपण कवितेपुरता राखून ठेवला. गिरणगावात तो घरापर्यंत येऊन पोहोचला होता.

वर्गात नियम वाचून झाल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना ‘मोकळी जमीन’ची व्याख्या लिहायला सांगितली. बहुतेकांनी कोशातला अर्थ लिहिला. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले : जिच्यावरून आम्हांला अजून कुणी उठवलेले नाही ती. आम्ही तिला पैकीच्या पैकी गुण दिले, आणि मगच ‘अधांतर’चा पहिला अंक उघडला.