झगडा, नवरा-बायकोचा (भंडारा जिल्हा)

नवरा-बायकोच्या भांडणावर रचलेला विनोदी प्रवेश. भंडारा जिल्ह्यात तो मुख्यतः खडीगंमत, दंडार आणि भारूड या लोककलांतून चालत आला. १९८२ नंतर दूरचित्रवाणीच्या विनोदी मालिकांनी तोच विषय दिवाणखान्यात नेला आणि त्याचे रूप बदलले. या प्रवेशाचा सगळा भार धमकीवर असतो. नवरा म्हणतो घरातून हाकलीन, दुसरी करीन, हातपाय मोडीन. बायको म्हणते माहेरी निघून जाईन, विहीर जवळ करीन. धमकी खरी होत नाही, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, म्हणून तो हसू शकतो. ज्या क्षणी ती खरी होते, त्या क्षणी प्रवेश विनोदी राहत नाही. लेखक, नट आणि प्रेक्षक ही सीमा कुठे आखतात, यावरून त्या समाजाने घरातल्या भीतीकडे कसे पाहिले ते कळते. या प्रकाराची नोंद घेण्याचे खरे कारण तेच आहे.

मराठीत हा विषय जुना आहे. सोळाव्या शतकातील एकनाथांच्या भारुडांत सासुरवाशीण देवीला साकडे घालते आणि सासू, सासरा, जाऊ, नवरा अशा एकेकाची वाट लावायला सांगते. अर्थ आध्यात्मिक, पण बोलणे थेट घरातले. आणि धमकी इथे बायकोच्या तोंडी आहे. भारूड म्हणणारा पुरुषच अंगावर लुगडे घेऊन ती बाई होतो. लावणीच्या परंपरेत ‘झगडा’ हा वेगळा प्रकारच आहे. त्यात सवती-सवती किंवा नवरा-बायको गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात आणि उत्तर देतात. नागर रंगभूमीवर गो. ब. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ने (१९१६) फाल्गुनराव आणि कृत्तिका या जोडप्याच्या परस्परांवरील संशयाचा खेळ मांडला. त्याचे मूळ मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनात असून ते इंग्रजी रूपांतरामार्गे मराठीत आले. तरीही बायकोवर पाळत ठेवणारा म्हातारा नवरा मराठी प्रेक्षकाला परका वाटला नाही.

खडीगंमत. भंडारा, गोंदिया आणि नागपूर या भागांत ही लोककला रुजली. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता, त्यामुळे जुन्या फडांचा विचार करताना दोन्ही जिल्हे एकत्रच धरावे लागतात. खरिपाचा धान निघू लागतो, दिवाळी येते आणि भाऊबिजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. मंडईच्या दिवशी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात आणि रात्री गंमत किंवा दंडार असते. कलावंत उभ्याने सादर करतात. साथीला ढोलकी, टाळ, तुणतुणे. गण, गौळण होते आणि मग बतावणी सुरू होते. नवरा-बायकोचे भांडण येते ते इथे.

बायकोचे सोंग पुरुष घेतो. त्याला नाच्या म्हणतात. नवऱ्याचे काम बहुधा सोंगाड्याकडे असते. तो पिऊन आलेला असतो, त्याला जेवण हवे असते, आणि त्याच्या आवाजात जितका जोर असतो तितका पायांत नसतो. तो हात उगारतो. ती सरकत नाही, उलट एक पाऊल पुढे येते. तो मागे पडतो. मार खातो तोही बहुतेक वेळा तोच. हे सारे शरीराने केलेले विनोद आहेत, आणि ते शक्य होतात कारण लुगड्याखाली पुरुष आहे. दोन पुरुषांची झटापट पाहताना गावाला बाईवर पडणारा हात पाहावा लागत नाही, तरी बाईचे म्हणणे मात्र पूर्ण ऐकता येते. या सोंगाने दोन गोष्टी एकदम साधल्या: मारहाण हसण्याजोगी केली आणि एरवी चारचौघांत न बोलता येणारी तक्रार चावडीवर आणली. पहिल्या गोष्टीबद्दल या कलेला दोष देता येतो आणि तो द्यायलाच हवा. मार ही रोजची, हसून सोडून देण्याची बाब आहे, हा समज तिने पिढ्यान्‌पिढ्या पोसला. पण दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. समोर बसलेल्यांत माहेरी आलेल्या लेकी असतात आणि त्यांच्या सासरचे पाहुणेही असतात. नाच्या जे बोलतो ते दोघांच्याही कानांवर एकाच वेळी पडते.

भांडणाचा मजकूर जिल्ह्याच्या जगण्यातूनच येतो. भंडारा हा धानाचा मुलूख. वैनगंगेचे खोरे, मामा (माजी मालगुजारी) तलाव, पावसाळ्यात चिखलात वाकून चालणारी रोवणी. रोवणीला बायका जातात. तुमसर, भंडारा या भागांत घरोघरी बिड्या वळण्याचे काम दीर्घकाळ बायकांच्या हातावर चालले. म्हणजे नवऱ्याने पोसल्याची बढाई मारावी आणि बायकोने रोजीचा हिशेब त्याच्या तोंडावर फेकावा, याला इथे खरा आधार आहे. शहरी विनोदातली बायको साड्या आणि दागिने मागते. गंमतीतली बायको स्वतःच कमावलेले पैसे परत मागते. दोन भांडणांत केवढे अंतर आहे!

या सगळ्याची भाषा झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ही बोली आणि झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील, दंडारीसारख्या लोककला यांवर दीर्घकाळ काम केले. त्यांच्यामुळे हा ठेवा लिखित अभ्यासाचा विषय झाला. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने पुढे खडीगंमतीचे स्वतंत्र महोत्सव भरवले. शासकीय प्रचारासाठीही हे फड वापरले जातात. दारूबंदी, हुंडा, स्वच्छता अशा विषयांवरच्या कार्यक्रमांत नवरा-बायकोचा झगडा हमखास असतो, मात्र तिथे नवरा शेवटी सुधारतो. मंडईच्या गंमतीत तो सुधारेलच असे नाही, आणि म्हणूनच तो जास्त खरा वाटतो.

परदेशी नमुने. दूरचित्रवाणीवरील या विषयाचे जगभर उल्लेखिले जाणारे दोन नमुने अमेरिकेचे आहेत. ‘आय लव्ह लूसी’ (१९५१–५७) या मालिकेत ल्यूसिल बॉल आणि डेसी आर्नाझ हे प्रत्यक्षातले पती-पत्नीच नवरा-बायकोचे काम करीत. त्यातील काही भागांत नवरा लूसीला लहान मुलीसारखे मांडीवर आडवे पाडून चोप देतो आणि ते खुशाल विनोद म्हणून दाखवले जाते. ‘द हनीमूनर्स’च्या (१९५५–५६) ३९ भागांत ब्रुकलिनमधला बसचालक राल्फ क्रॅमडेन बायकोवर मूठ उगारतो, तिला थेट चंद्रावर पोचवण्याची धमकी देतो, पण मारत कधीच नाही. ॲलिस हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत उभी राहते आणि शेवटी तोच तिची माफी मागतो. जॅकी ग्लीसन आणि ऑड्री मेडोज यांची ही जोडी भंडाऱ्यातल्या गंमतीला फार जवळची आहे: तेच गरीब घर, तोच पोकळ जोर, तीच न हलणारी बायको. फरक एवढाच, की ॲलिस ही खरीखुरी स्त्री आहे. तिच्या चेहऱ्यावर भीतीची एक रेघ उमटली असती, तर मालिका तिथेच संपली असती. आज ते प्रसंग पाहताना अनेकांना हसू येत नाही, कारण प्रेक्षक आता त्या चेहऱ्यावर ती रेघ शोधतो.

दूरदर्शन. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही तिथली गाजलेली मालिका. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. चिमणराव हा धमकी द्यायच्या लायकीचाच नाही. तो आईला आणि बायकोला, काऊला, दबून असतो; घरातला जोर असलाच तर तो गुंड्याभाऊच्या सोट्यात, आणि तो बाहेरच्यांसाठी. मध्यमवर्गीय मराठी विनोदाने असा बुळा नवरा निवडून मारहाणीचा प्रश्नच टाळला. ती मालिका चालू असताना मुंबई केंद्राचे कार्यक्रम प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडे दिसत. भंडाऱ्याला चिमणराव पुस्तकांतून जास्त ठाऊक होता.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर लहान गावांत ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घरी शेजारी जमू लागले. त्या काळात दोन मालिकांनी घरातले भांडण अगदी वेगवेगळ्या रीतीने दाखवले. ‘ये जो है जिंदगी’ (१९८४) कुंदन शाह आणि सहकाऱ्यांनी दिग्दर्शित केली. लेखन शरद जोशी यांचे होते. शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांचे रणजित-रेणू हे जोडपे सतत कुरबुरत राहते, मेहुणा राजा तेल ओततो आणि सतीश शाह दर भागात नवे सोंग घेऊन येतात. भांडण गैरसमजाचे, अर्ध्या तासात मिटणारे. त्यात दारिद्र्य नाही, दारूने उद्ध्वस्त झालेले घर नाही.

‘हम लोग’ (१९८४–८५) विनोदी नव्हती, पण इथे तिचा उल्लेख आवश्यक आहे. मनोहर श्याम जोशी यांच्या या मालिकेतला बसेसर राम दारुडा आहे आणि भागवंती सगळे सोसते. सोसण्याचा तोटा दिसावा म्हणून हे पात्र रचले होते. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात आढळले की अनेक प्रेक्षकांनी भागवंतीलाच आदर्श मानले. उलट उत्तर देणारी बायको हसण्याजोगी आणि गप्प राहणारी पूजनीय, ही वाटणी प्रेक्षक स्वतःच मनाशी घेऊन बसला होता. गंमतीतल्या नाच्याने पिढ्यान्‌पिढ्या नेमकी हीच वाटणी उलटी केली होती, आणि दूरचित्रवाणीला ते फार थोड्या वेळा जमले.

जमले त्यातले एक उदाहरण म्हणजे झी टीव्हीवरील ‘हम पाँच’ (१९९५ पासून). आनंद माथूर (अशोक सराफ) याची दिवंगत पहिली बायको भिंतीवरच्या तसबिरीतून बोलते आणि त्याला खडसावते. ते काम प्रिया तेंडुलकर यांनी केले. जिला आता काहीच करता येत नाही, धमकावताही येत नाही, तिचाच शब्द घरात अखेरचा ठरतो. त्याच दशकातल्या ‘तू तू मैं मैं’ने (दिग्दर्शन सचिन पिळगावकर) भांडण नवऱ्याकडून काढून सासू-सुनेकडे दिले, रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर यांचा अभिनय अव्वल, पण नवरा सुटला. अल्फा मराठीवरच्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ने (२००१ पासून, दिग्दर्शन केदार शिंदे) तीन पिढ्यांचे घर दाखवले. त्यात नवरा-बायको रुसतात, चिडतात, पण कोणी कोणाला घाबरत नाही. मराठी मालिकांत घर इतके निर्भय क्वचितच दिसले.

कायदा. भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळाविषयीचे कलम ४९८-अ १९८३ मध्ये आले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याने धाकदपटशा शारीरिक छळात मोजला. अपमान, टिंगल, नावे ठेवणे आणि विशेषतः मूल किंवा मुलगा नसल्यावरून टोमणे मारणे यांना शाब्दिक व भावनिक छळ ठरवले. विनोदी प्रवेशांनी वर्षानुवर्षे वापरलेले कच्चे साहित्य जवळजवळ सगळे या व्याख्येत आहे. विनोदाला त्यामुळे बंदी आली नाही, येऊही नये. पण मूल नसलेल्या बाईवरचा विनोद आता अजाणतेपणी केला, असे म्हणायची सोय लेखकाला उरली नाही.

सद्यःस्थिती. साकोली, लाखांदूर, पवनी या भागांत मंडई आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने झाडीपट्टीची नाटकेही रात्रभर चालतात. त्यांच्या मंडळांचे मुख्य केंद्र शेजारच्या गडचिरोलीतले वडसा हे आहे. या रंगभूमीचे अभिनेते डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या नाटकांत बायकांची कामे बायकाच करतात. त्यामुळे दारुड्या नवऱ्याने हात उचलला की मंडपातले हसू थांबते. तो प्रसंग गंभीर कथेत जातो आणि हसवण्याचे काम वेगळ्या विनोदी जोडीकडे येते. दूरचित्रवाणीवर ‘चला हवा येऊ द्या’ (२०१४ पासून) सारख्या कार्यक्रमांनी साडी नेसलेला पुरुष पुन्हा लोकप्रिय केला. तिथे मात्र त्याच्या दिसण्यावरच हसवले गेले. गंमतीतला नाच्या दिसण्यावर थोडा आणि बोलण्यावर फार हसवतो, आणि त्याच्या बोलण्यात बायकोच्या कमाईचा हिशेब असतो.