वेताळ, सातपुडा आणि आपण : 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या निमित्ताने

मराठी बालसाहित्याच्या इतिहासलेखनात 'इंद्रजाल कॉमिक्स'ला सहसा स्थान मिळत नाही. अनुवादित, चित्रमय आणि बाजारू म्हणून हे वाङ्मय अभ्यासाच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. मात्र ज्या वाचनाने एका पिढीची कल्पनाशक्ती घडवली, त्याची चिकित्सा टाळणे अभ्यासकाला परवडणारे नाही.

ली फॉक या अमेरिकन लेखकाचा 'फँटम' १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रीय चित्रमालिकेतून अवतरला. म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी. त्याच्याजवळ अतिमानवी शक्ती नाही. १५३६ पासून बापाकडून मुलाकडे आलेला मुखवटा आणि वेश हेच त्याचे बळ. एकविसावा वारस वावरत असतो, पण जंगल त्याला अमर मानते. दंतकथा हेच सत्तेचे साधन कसे होते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

'टाइम्स ऑफ इंडिया'च्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल' सुरू केले. पहिले ३२ अंक एकट्या फँटमचे होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आदी मंडळी आली. १९९० मध्ये मालिका थांबली, तेव्हा अंकांनी आठशेचा टप्पा ओलांडला होता.

मराठीत फँटमचा 'वेताळ' झाला, ही साधी शब्दयोजना नव्हे. वेताळ हा आपल्याकडे भुतांचा राजा, कोकण-गोव्यात ग्रामदैवत आणि 'वेताळपंचविशी'तला चतुर कथेकरी. हे नाव मिळताच परका नायक ओळखीचा झाला. प्रकाशकांनीही मूळ कथांतील भारतसूचक नावे बदलली : 'बेंगाला'चे 'डेंकाली' झाले, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. खलनायक आपल्या नावाचा नसावा, एवढी दक्षता घेतली गेली. नायक गोरा आणि त्याला पूजणारे बांदार मात्र काळे, ही मूळ रचना तशीच राहिली.

चोपड्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. भिल्ल, पावरा, तडवी विद्यार्थी आपल्याच वर्गात बसतात. शेजारच्या धरणगावी जेम्स आउट्रमने १८२५ पासून भिल्ल पलटण उभारली. त्याच्या शिकारीच्या आणि धाडसाच्या कथा इंग्रजी लेखनात आदराने सांगितल्या गेल्या. जंगलातल्या लोकांना वठणीवर आणणारा शूर गोरा साहेब, हा साचा फॉकच्या शतकभर आधी आपल्याच मुलखात तयार झाला होता. त्याच सातपुड्यात १८५८ साली आंबापाणीला भिल्लांनी इंग्रज फौजेशी झुंज दिली. त्या लढ्याच्या खाज्या नाईकाला मुखवट्याची गरज पडली नाही. त्याची चित्रकथा मात्र आपल्या वाचनात आली नाही.

१९७६ मध्ये आबिद सुरतींनी 'बहादूर' निर्माण केला. पोलिसांच्या गोळीने मेलेल्या दरोडेखोराचा हा मुलगा कुर्ता आणि जीन्स घालतो, गावकऱ्यांना संघटित करून दरोडेखोरांशी लढतो. येथे नायक लोकांवर राज्य करीत नाही, त्यांच्यात उभा राहतो. वेताळाला दिलेले हे देशी उत्तर अधिक गंभीरपणे वाचले जायला हवे होते.

वेताळाच्या वाचनाचा आनंद खोटा नव्हता. तो मान्य करूनच विद्यार्थ्यांपुढे प्रश्न ठेवावा लागेल : या गोष्टीत आपण स्वतःला कुठे पाहिले, कवटीच्या सिंहासनावर की त्याच्या पायाशी? मराठी वाचकाने बहुधा पहिली जागा घेतली. आपल्या वर्गातल्या पावरा मुलाला कोणती मिळाली, हे अजून आपण विचारलेले नाही.