चुलीतला हिनुकान

जपानच्या ओकिनावातल्या घरात देव पाहायचा तर आधी स्वयंपाकघरात जावं. शेगडीमागे किंवा ओट्याच्या कोपऱ्यात राखेनं भरलेलं चिनीमातीचं पांढरं भांडं असतं. जवळ मीठ, पाणी, तांदूळ, हिरवी पानं. हा हिनुकान, अग्निदेव. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला घरातली बाई त्याच्यापुढे हिराउको नावाची काळी, चपटी उदबत्ती लावते आणि कोण आजारी, कोणाची परीक्षा, सगळं त्याच्या कानावर घालते. मध्ये पुजारी लागत नाही.

मुळात हा देव तीन दगडांचा. चूल मांडायला लागतात तेवढे दगड, आणि चूल हाच देव. पुढे चीनच्या चूलदेवाची कथा त्याला येऊन चिकटली. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यात २४ तारखेला तो स्वर्गात जातो आणि घरच्यांच्या वर्षभराच्या वागणुकीचा हिशेब देतो. स्वयंपाकघरात बसून वर्षभर काय काय ऐकलेलं असतं, ते आलंच त्यात!

रयुक्यूच्या, म्हणजे ओकिनावातल्या जुन्या राज्याच्या राजांनीही धर्म बायकांच्याच हाती ठेवला, पण त्याला दरबारी शिक्का मारला. बहिणीची दैवी शक्ती भावाला राखते, अशी तिथली जुनी श्रद्धा. शो शिन राजानं (कारकीर्द १४७७ ते १५२६) त्याच श्रद्धेची राज्यव्यवस्था केली. त्याची बहीण किकोए-ओगिमी, म्हणजे सर्वांत वरची पुजारीण झाली. तिच्या हाताखाली गावोगावच्या नोरो, म्हणजे दरबारातून नेमलेल्या पुजारिणी. नोरोच्या घरी गावाचा हिनुकान. किकोए-ओगिमीचा अभिषेक सेफा-उताकी या देवराईत होई, आणि तिथे पुरुषांना मज्जाव होता.

सतराव्या शतकात हानेजी चोशू या प्रधानानं किकोए-ओगिमीचा मान राणीच्या खाली आणला. १८७९ मध्ये जपाननं राज्यच खालसा केलं, आणि नोरोंचा राजाश्रय संपत गेला. कुदाका बेटावर बायकांना पुजारीणपणाची दीक्षा देणारा इझाइहो हा विधी दर बारा वर्षांनी, अश्ववर्षात होई. १९७८ नंतर तो झालेला नाही.

हिनुकान टिकला, कारण त्याला नेमणूकपत्र कधी लागलंच नव्हतं. चुली गेल्या तसे दगडही बहुतेक घरांतून गेले आणि देव राखेच्या भांड्यात आला. नवं बिऱ्हाड मांडताना आईच्या किंवा सासूच्या भांड्यातली थोडी राख न्यायची, की झाली स्थापना. बाकीचं सामान, म्हणजे भांडं, पाण्याचा पेला, फुलदाणी, हल्ली दुकानात संच म्हणून विकत मिळतं.